मेलेल्या सांबराचे मार्क

मेलेल्या सांबराला मार्क देण्याची एक विद्या आहे, आणि ती विद्या म्हणजे निव्वळ बढाई, असे माझे स्पष्ट मत आहे. फराळाच्या दिवसांत हा विषय कडू लागेल. पण सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांत भिंतीवर शिंगे अजून टांगलेली आहेत, आणि चकलीबरोबर त्यांच्या इंचांची कथाही पाहुण्याला गिळावी लागते. म्हणून बोलतो.

ही विद्या साहेबाची. लंडनचा रोलंड वॉर्ड हा मेलेल्या जनावरांत पेंढा भरणारा कारागीर. त्याने १८९२ साली शिकारीच्या मापांची वहीच छापली. शिंगाच्या बुडाशी कडे असते, तिथून टोकापर्यंत बाहेरच्या वळणावरून फीत धरायची, घेर घ्यायचा, फाटे मोजायचे. अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने १९५० साली त्यावर कडी केली. शिंगे साठ दिवस वाळवायची, पाव इंच रुंदीच्या पोलादी फितीने मापायची, आणि उजवे-डावे सारखे नसेल तर तेवढे गुण कापायचे! रानात झुंजून जगलेल्या नराला मेल्यावर ही शिक्षा! हाका घालून जनावर बंदुकीपुढे आणणाऱ्या गावकऱ्याला मात्र असल्या वह्यांत रकाना नाही; रकाना शिंगांच्या मालकाचा.

कोणी म्हणेल, अहो, हे शास्त्र आहे. थोर शिंग म्हणजे सकस रान. यात तथ्य आहे. वयावर आणि चाऱ्यावरच शिंग पोसते. पण सांबराचे शिंग काही जन्माचे नसते. ते गळते आणि मखमली कातडीखाली पुन्हा नवे फुटते. गळलेले शिंग साळिंदर कुरतडते. रानाचे रानात राहते. मग मला सांगा, शास्त्राला शिंगच हवे होते, तर बंदूक कशाला लागली?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार बंद झाली. बढाई मात्र कायद्याने बंद होत नाही.

मोजायची हौसच असेल तर आपल्याकडे मोजण्याजोगे पुष्कळ आहे. सांगली जिल्ह्यात सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांच्या पुढाकाराने झाडे लागली, हरणे आणून सोडली गेली, आणि १९८५ साली तिथे अभयारण्य झाले. तिकडे कोयना आणि चांदोली मिळून २०१०पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वाघ तिथे नांदायचा तर त्याला सांबर हवे. भिंतीवरचे नव्हे, चालते-फिरते. अशा रानांत खुरांचे ठसे मोजतात, लेंड्या मोजतात. त्या मोजणीला मी हात जोडतो, कारण मोजून झाल्यावर जनावर आपल्या वाटेने पुढे जाते.

तेव्हा वाचकहो, यंदा कोणी शिंगाचे इंच सांगू लागला, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारा: आपोआप गळायला किती महिने उरले होते?