लंगोट की डायपर? लेकराच्या पायांना विचारा

गेल्या उन्हाळ्यात एका अकीक्याच्या दावतीसाठी मिरजगावला जाणं झालं. नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं हे गाव. अल्हम्दुलिल्लाह, घरात सात दिवसांची मुलगी आणि तिचा तेरा महिन्यांचा चुलतभाऊ, अशी दोन लेकरं. नानींनी जुन्या मऊ साड्या फाडून दोन डझन लंगोट शिवून आणले होते, तर मामूंनी डायपरचं मोठं पाकीट. दोन्ही भेटी एकाच खाटेवर शेजारी ठेवल्या गेल्या आणि तिथंच वादाला तोंड फुटलं.

दादी म्हणाल्या, "त्या प्लॅस्टिकमध्ये लेकरू शिजतं. आम्ही सहा लेकरं पोतड्यांवर वाढवली." बाळंतीण पडल्या पडल्या हळूच म्हणाली, "अम्मी, पोतडे धुवायला पाणी कुठून आणायचं? टँकर तीन दिवसांनी येतो." तेवढ्यात तेरा महिन्यांचे ते साहेब भिजून जड झालेल्या डायपरसह पाय फाकवून आले आणि आमच्यासमोरच बदकन बसले. त्यांच्या आईने डायपर काढून टाकला, तसे ते उठले आणि थेट अंगणातल्या कोंबड्यांमागे धावले.

"तुम्ही मासिकात लिहिता ना, मग सांगा काय बरोबर," असं आम्हाला विचारलं गेलं. त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न आपल्या बऱ्याच घरांत रोज उठतो आणि त्यावरून सासू-सुनांची मनं दुखावतात. म्हणून या महिन्याचं सदर त्यासाठीच.

पायांना काय वाटतं?

कोंबड्यांमागे धावणाऱ्या लेकरात आम्ही जे पाहिलं, ते अमेरिकेतल्या न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून पाहिलं आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तेरा आणि एकोणीस महिन्यांची 60 मुलं होती. प्रत्येक मुलाला तीन प्रकारे चालवलं: पातळ डायपर घालून, जाड कापडी लंगोट घालून आणि काहीच न घालता. काहीच नसताना मुलं सगळ्यात चांगली चालली. डायपरमध्ये पाय जास्त फाकले, पावलं लहान पडली, अडखळणं वाढलं. जाड कापडात चाल सगळ्यात बिघडली.

हे ऐकून सुनेने लगेच दादींकडे पाहून हसू नये. त्या अभ्यासातला लंगोट जाड, पायांमध्ये गठ्ठा होणारा होता. आपला एकपदरी, तिकोनी, मऊ सुती लंगोट ही वेगळी चीज आहे. मात्र तोच लंगोट "लवकर भिजू नये" म्हणून चार घड्या घालून बांधला, तर त्याचाही गठ्ठाच होतो. उलट पातळ डायपरही चार-पाच तास बदलला नाही, तर फुगून लेकराच्या मांड्यांमध्ये लोंबतो. म्हणजे पायांना अडचण होते ती जाडीची आणि ओझ्याची, मग ते कापड असो वा कागद.

घाबरण्यासारखं यात काही नाही. डायपर घातल्याने लेकरू चालायला कायमचं मागे राहतं, असं या अभ्यासाने सांगितलेलं नाही. पण रांगणाऱ्या, उभं राहू पाहणाऱ्या लेकराला रोज थोडा वेळ अगदी मोकळं सोडलं, तर त्याचे पाय त्याला दुवा देतील, हे नक्की.

तान्ह्याच्या खुब्याची काळजी

सात दिवसांच्या मुलीचा प्रश्न वेगळा. तिला चालायचं नाही, पण पाय हलवायचे आहेत. पोटातल्या बाळाचे पाय दुमडलेले असतात. जन्मानंतर काही महिने ते तसेच बेडकासारखे दुमडून फाकलेले राहणं नैसर्गिक आहे. त्याच काळात खुब्याचा सांधा पक्का होत असतो. "पाय सरळ व्हावेत" म्हणून दुपट्यात पाय ताणून घट्ट बांधण्याची आपल्याकडची जुनी सवय इथं नुकसान करू शकते. जपानमध्ये 1975 च्या सुमारास मोठी मोहीम काढून लोकांना बाळाचे पाय ताणून बांधणं थांबवायला सांगितलं गेलं. त्यानंतर तिथं खुबा निखळण्याचं प्रमाण बरंच खाली आलं.

म्हणून दुपट्यात गुंडाळायचं तर वरचं अंग नीट झाका, पण कमरेखाली जागा सैल ठेवा. लंगोटाचा नाडा पोटावर वळ उठेल इतका करकचून नको. नाळ पडेपर्यंत लंगोट काय किंवा डायपर काय, बेंबीच्या खाली दुमडून घालावा, म्हणजे नाळ कोरडी राहते. आणि आपल्या दादी-नानींची लेकरू कडेवर, पाय दोन्ही बाजूंना टाकून घेण्याची पद्धत खुब्यासाठी उत्तम आहे. मान धरू लागलेल्या लेकराला तसंच घ्यावं.

कातडीला काय हवं?

डायपरच्या आत लाकडाचा लगदा आणि पाणी शोषून त्याची जेलीसारखी घट्ट लापशी करणारी पूड असते. त्यामुळे ओल कातडीपासून दूर राहते. रात्रीची झोप, एसटीचा लांबचा प्रवास, दवाखान्याची रांग अशा वेळी याचा लेकराला खरंच आराम आहे. कापड भिजलं की लेकरू रडतं आणि आईला लगेच कळतं. डायपरमध्ये ते कळत नाही, हा त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष.

ढुंगण लाल होतं ते ओल, घासणं आणि शी यांमुळे. शी आणि लघवी एकत्र आली की कातडीला जास्त झोंबते. म्हणून शी झाली की लंगोट असो वा डायपर, त्याच क्षणी बदलावं. लघवीसाठी डायपर दोन-तीन तासांनी उघडून पाहावा. "पाकिटावर बारा तास लिहिलंय" हा हिशेब लेकराच्या कातडीला माहीत नसतो. साध्या पाण्याने धुवावं. मुलीला पुढून मागे पुसावं, मागून पुढे कधीही नाही. कोरडं होऊ द्यावं, मगच नवीन घालावं. पावडर उडवू नये, ती श्वासात जाते.

लाली तीन दिवसांत कमी झाली नाही, किंवा जांघेत लालभडक होऊन भोवती बारीक पुरळ आलं, तर ती बुरशी असू शकते. तेव्हा डॉक्टरांना दाखवावं. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" आणून लावू नये. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं. डायपरने झाकलेल्या कोवळ्या कातडीतून ते जास्त शोषलं जातं आणि कातडी पातळ होते.

पहिल्या महिन्यात कापडी लंगोटाचा आणखी एक फायदा आहे. पहिला आठवडा सरल्यावर बाळाने चोवीस तासांत किमान सहा वेळा लघवी केली, तर आईचं दूध पुरतंय असं समजावं. लंगोट मोजले की हिशेब लागतो. डायपरमध्ये तो लागत नाही आणि "दूध पुरत नाही" या भीतीने उगाच डबा सुरू होतो.

पाणी आणि पाकी

आता त्या बाळंतिणीचा प्रश्न: पाणी कुठून आणायचं? दिवसाचे दहा-बारा लंगोट धुवायला पंधरा लिटरच्या तीन बादल्या धरल्या तर 45 लिटर झाले. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर पाणी देण्याचं ठरलं आहे. म्हणजे जवळजवळ एका माणसाचं दिवसाचं पाणी लंगोटांना जातं. कर्जतसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात, टँकरच्या दिवसांत, हा हिशेब सोपा नाही. अशा वेळी जी सून डायपर मागते तिला आळशी म्हणणं हा जुलूम आहे.

पाण्याची बचत करायची तर शी आधी संडासात झटकावी, मग थोड्या पाण्यात भिजवावं, दिवसाचे सगळे एकदम धुवावेत. पाकीसाठी आपल्या हनफी घरांत प्रत्येक वेळी पिळून तीनदा धुण्याची पद्धत आहे. सगळे एकाच टबात बुचकळून वाळत टाकले, तर ती पाकी होत नाही. कोकणातल्या शाफई घरांत फक्त दुधावर असलेल्या मुलाच्या लघवीबाबत सवलत आहे. तपशील आपापल्या मौलानांना विचारावा. धुतल्यावर कर्जतचं कडक ऊन फुकट आहे, त्यात वाळवावेत.

लेकराने अंगावर लघवी केली म्हणून चिडणाऱ्यांसाठी एक आठवण. हजरत उम्मे कैस (रजि.) यांच्या तान्ह्या मुलाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मांडीवर लघवी केली. त्यांनी रागावण्याऐवजी पाणी मागवलं आणि कपड्यावर टाकलं. आपली नात हजरत उमामा (रजि.) यांना घेऊन त्यांनी नमाजही पढली. सजद्यात जाताना खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. लेकरामुळे इबादत बिघडते, असं त्या घरात कुणी म्हणत नव्हतं. आपण मात्र लेकरू स्वच्छ आहे ना, एवढं पाहून मगच नमाजीत घ्यावं.

वापरलेला डायपर जातो कुठे?

तो ओढ्यात, उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला जातो आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतो. हे आपल्यासाठी शरमेचं आहे. घनकचरा नियमांनुसार डायपर नीट गुंडाळून द्यायचा असतो. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचक महिलांच्या संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायला सांगितलं, म्हणजे उचलणाऱ्या बाईचा हात त्यात पडत नाही. कागद आणि लाल पेन प्रत्येक घरात असतो. शी आधी संडासात टाकावी. डायपर संडासात टाकू नये, टाकी तुंबते. चुलीतही जाळू नये, प्लॅस्टिकचा धूर लेकराच्याच छातीत जातो. रोजचे चार डायपर म्हणजे महिन्याला 120. एवढं आपण गावाच्या मातीत टाकतो, हे लक्षात ठेवलं तरी हात आवरता घेतला जाईल.

मग बरोबर कोण?

त्या संध्याकाळी मिरजगावच्या घरात जे ठरलं, ते आम्हाला पटलं. दिवसा घरी नानींचे मऊ लंगोट, एकाच घडीचे. रात्री, प्रवासात आणि टँकर चुकला त्या दिवशी मामूंचा डायपर. आणि असरनंतर तासभर दोन्ही लेकरं मोकळी: तान्ही गोधडीवर पाय झाडत, मोठा अंगणात. एवढ्या लहान लेकराला सतराचा हुकूम नाही. फक्त त्याचे उघडे फोटो मोबाईलच्या स्टेटसवर टाकू नयेत.

एक प्रश्न तरीही राहिला: लंगोट धुणार कोण? बाळंतीण तर उठू शकत नव्हती. दादींनी मुलाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी फजरनंतर तो न्हाणीत बादली घेऊन बसलेला आम्ही पाहिला. प्रेषित (स.) घरात असत तेव्हा घरच्यांच्या कामात असत, असं हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलं आहे. बापाने लंगोट धुतल्याने त्याची इज्जत कमी झाली नाही. त्या अंगणात दोरीवर वाळणारे बारा लंगोट पाहून आम्हाला तर ती वाढलेलीच वाटली.

बहिणींनो, तुमच्या घरात हा वाद उठला, तर आधी लेकराचे पाय मोकळे आहेत का ते पाहा, मग त्याची कातडी, मग पाण्याचा रांजण, आणि मग धुणाऱ्या बाईचे हात. या चौघांना जे सोसेल तेच बरोबर. अल्लाह आपल्या सर्व लेकरांना निरोगी आणि नेक ठेवो. आमीन.