लिलावातला एक टक्का भाषेसाठी

पोटापाण्यासाठी हैदराबाद गाठणाऱ्या आमच्या नांदेड जिल्ह्यातील माणसांना कुकटपल्ली हे नाव नवे नाही. मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गावरील या उपनगरात गृहनिर्माण मंडळाने अल्प व मध्यम उत्पन्न गटांसाठी मोठी वसाहत वसविली. घरांच्या पत्त्यांत ‘एलआयजी’, ‘एमआयजी’ ही अक्षरे आजही टिकून आहेत. याच वसाहतीतील सुमारे ७.८ एकर जमीन मंडळाने जुलै २०२५ मध्ये लिलावात काढली. एकरी ४० कोटींपासून सुरू झालेली बोली ७० कोटींवर थांबली आणि मंडळाच्या पदरात सुमारे ५४७ कोटी रुपये पडले.

भाषेच्या अंकात जमिनीच्या लिलावाचा हिशेब कशाला, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. भाषेला बसायला जागा लागते. निजामाच्या राजवटीत कारभार उर्दूत चालत असतानाही हैदराबादच्या मराठी माणसांनी विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभी केली. मात्र ती शहराच्या जुन्या भागात आहे आणि नवी वस्ती कुकटपल्लीकडे सरकली आहे. लिलावातील भावाने तेथे एका गुंठ्याला पावणेदोन कोटी रुपये पडतात. वर्गणीवर चालणारे कोणते मंडळ या भावात वाचनालयाची खोली बांधणार?

सरकारला पैसा लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सार्वजनिक जमीन ही ठेव आहे, ती एकदाच मोडता येते. तेव्हा अशा विक्रीतील निदान एक टक्का त्याच वस्तीतील भाषिक अल्पसंख्याकांच्या प्राथमिक वर्गांसाठी व वाचनालयासाठी राखून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. या एका लिलावातून साडेपाच कोटींच्या आसपास रक्कम उभी राहते. तिच्यावर सहा टक्के व्याज धरले तरी वर्षाला सुमारे ३३ लाख रुपये मिळतील. हा खर्च सरकारला जड नाही. शिवाय ही भीकही नव्हे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे १९५६ च्या दुरुस्तीने घातलेले राज्यघटनेचे कलम ३५०-अ सांगते.

मात्र हे मागताना आपणही आपले अंगण पाहिले पाहिजे. १९५६ पर्यंत नांदेड हैदराबाद राज्यातच होते. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांत तेलुगू बोलणारी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. त्यांच्या मुलांसाठी आपल्या जिल्हा परिषदेने आणि नगरपालिकांनी अंदाजपत्रकात किती रुपये ठेवले आहेत? कुकटपल्लीच्या मराठी मुलासाठी जो न्याय मागायचा, तोच देगलूरच्या तेलुगू मुलाला द्यावा लागेल. भाषेचे प्रेम भाषणातून नव्हे, अंदाजपत्रकातून मोजावे. येत्या मार्चमध्ये आपले लोकप्रतिनिधी ही तरतूद मांडतात काय, हे आम्ही पाहणार आहोत.