पोस्टकार्डावर मावेल एवढं

'मला कळलंय, फक्त सांगता येत नाही,' असं कुणी म्हणालं की मला शंका येते. सांगता येत नसेल, तर बहुधा कळलेलंही अर्धवटच असतं.

कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? 'दाब वाढतो म्हणून' हे उत्तर प्रत्येकाच्या जिभेवर तयार असतं. आता तेच चौथीतल्या नातीला सांगून पाहा. ती विचारते, "म्हणजे दाबानं डाळ चेपते का, आजी?" इथं गाडी अडते. 'दाब' आणि 'शिजणं' यांच्या मधला दुवा आपण कधी जोडलेलाच नसतो. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांना उकळायला लागलं की आच कितीही वाढवा, ते आणखी तापत नाही. सगळी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापू शकतं. डाळ शिजते ती या वाढीव तापमानामुळे.

"मग शिट्टी झाल्यावर गॅस बारीक का करतेस?" कारण किती दाब टिकणार, हे शिट्टीच्या वजनावर ठरतं. मोठ्या आचेनं नुसती वाफ वाया जाते. हे आपण रोज करतो, पण त्यामागचं कारण नातीनं विचारल्यावर जुळतं. शिवाय हा दुवा हाती आला की लेहसारख्या उंच ठिकाणी उघड्या पातेल्यात डाळ लवकर का शिजत नाही, हेही उमगतं. तिथं हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं.

सोपं सांगण्याची अशीच कसोटी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या पोस्टकार्डांतही होती. ते मुलांना नुसती स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीनिशी येईल, असं सांगत. पोस्टकार्डाची जागा ती केवढी! तिथं समीकरणं मांडायला वाव नाही, की 'पुढच्या इयत्तेत कळेल' म्हणून सुटका नाही. तेवढ्यात मावेल आणि तरी चुकीचं ठरणार नाही असं लिहायचं, तर विषय मुळापासून ठाऊक लागतो.

परीक्षेआधी धडा दहाव्यांदा वाचण्यापेक्षा धाकट्या भावंडाला समोर बसवा. मात्र मान डोलावणारं नको, दर वाक्याला 'म्हणजे?' विचारणारं हवं. उत्तर देताना जिथं पुस्तकातलंच वाक्य जसंच्या तसं तोंडात येईल, तेवढं पान पुन्हा वाचायचं.