यंत्राच्या जगात : एक यंत्र, अनेक बिऱ्हाडं



या वेळचा विषय एका वाचक भगिनींच्या पत्रातून आला आहे. त्यांची मुलगी इंजिनिअर होऊन दोन वर्षं झाली. ती नुकतीच ज्या कारखान्यात लागली, तिथल्या मालाच्या सगळ्या नोंदी अजून ‘व्हीएमएस’ नावाच्या जुन्या सिस्टिमवर चालतात. ती सांभाळणारे गृहस्थ सहा महिन्यांत रिटायर होणार आहेत. साहेबांनी मुलीला सांगून टाकलं, “आता हे तू बघायचं.” पोरीनं लहानपणापासून माऊस आणि चित्रं पाहिलेली. इथे समोर काळी स्क्रीन, तिच्यावर डॉलरचं एक चिन्ह आणि पुढे काही नाही. आईचा प्रश्न साधा आहे : “हे आहे तरी काय, आणि हिनं सुरुवात कुठून करावी?”

आधी ‘हे काय’ ते पाहू. मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी लोकरीच्या एका जुन्या गिरणीत १९५७ साली ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ ही कंपनी सुरू झाली. लोक तिला ‘डेक’ म्हणत. त्या काळी कॉम्प्युटर म्हटला की अख्खी खोली अडायची. डेकनं १९६५ साली ‘पीडीपी-८’ हे यंत्र १८,००० डॉलरला बाजारात आणलं. आज ही किंमत ऐकून हसू येईल, पण त्या वेळी ते स्वस्त होतं आणि आकारानंही लहान. म्हणून ‘मिनी’कॉम्प्युटर. १९७० साली ‘पीडीपी-११’ आला आणि २५ ऑक्टोबर १९७७ ला ‘व्हॅक्स-११/७८०’. या व्हॅक्ससाठी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे व्हीएमएस. आपल्या मंडळातले जे ज्येष्ठ ऐंशीच्या दशकात इथल्या विद्यापीठांत शिकले, त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यातला पहिला ई-मेल व्हॅक्सवरूनच पाठवला असेल. मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच कंपनीचं ‘डेकसिस्टिम-१०’ हे थोरलं भावंड होतं.

व्हॅक्स-११/७८०चा वेग सेकंदाला साधारण दहा लाख सूचनांचा धरतात. तुमच्या खिशातल्या फोनपुढे तो काहीच नाही. तरीही त्यावर एका वेळी कितीतरी माणसं काम करायची, आणि प्रत्येकाला वाटायचं, यंत्र माझंच आहे. हे जमायचं कसं? पंगतीतला वाढपी आठवा. वाढपी एकच असतो, पण तुम्ही घास चावत असता तेवढ्यात तो चार पानं पुढे जाऊन परत आलेला असतो. माणूस विचार करतो, एकेक अक्षर टाइप करतो. त्या मधल्या वेळात यंत्र दुसऱ्यांचं काम उरकतं. कुणाला किती वाढायचं आणि कुणाला आधी, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते.

पुढे १९९८ साली डेक कंपनी ‘कॉम्पॅक’नं घेतली आणि २००२ साली कॉम्पॅक ‘एचपी’त विलीन झाली. व्हीएमएस मात्र टिकली. तिचं नाव आधीच ‘ओपनव्हीएमएस’ झालं होतं. २०१४ साली तिच्या पुढच्या कामाची जबाबदारी ‘व्हीएमएस सॉफ्टवेअर’ या कंपनीकडे आली, आणि २०२२ साली साध्या पीसीत असतो त्या जातीच्या प्रोसेसरवर चालणारी आवृत्ती निघाली. त्यामुळे मुलीसमोरचं यंत्र खरोखर जुनं कपाट असेल, नाहीतर आतून नवं आणि वागणुकीनं जुनंही असेल. वागणूक दोन्हीकडे सारखीच.

या वागणुकीचं मूळ एकाच गोष्टीत आहे. पीसी म्हणजे स्वतंत्र बंगला. काही अडलं की बंद करून चालू करा, कुणाचं काही बिघडत नाही. मिनीकॉम्प्युटर म्हणजे वाडा. एका छपराखाली अनेक बिऱ्हाडं, नळ एक, जिना एक. तिथे ‘बंद करून चालू करणं’ म्हणजे सगळ्यांना जेवत्या पानावरून उठवणं. गोदामातल्या माणसाची अर्धी नोंद तिथेच तुटेल आणि रात्री लावलेला हिशेब सकाळी अपुरा सापडेल. म्हणून या सिस्टिमवर वावरण्याचा पहिला धडा असा : हात लावण्याआधी बघून घ्या.

बघायची सोय उत्तम आहे. व्हीएमएसमधल्या ‘शो’नं सुरू होणाऱ्या कमांड फक्त दाखवतात, आणि ‘सेट’नं सुरू होणाऱ्या बदलतात. पहिले पंधरा दिवस मुलीनं ‘शो’वर काढले तरी चालेल. (कमांड टाइप इंग्रजीतच करायच्या, इथे फक्त उच्चार देतो आहे.) या ‘शो’च्या मदतीनं तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायची : मी कोण, मी कुठे आहे, आणि माझ्याबरोबर इथे कोण आहे? अध्यात्म नाही हो, रोजचा व्यवहार आहे.

मी कोण? नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरल्यावर बहुतेक ठिकाणी दोन ओळी दिसतात : तुम्ही मागच्या खेपेला कधी आला होता, आणि मधल्या काळात तुमच्या नावानं आत शिरायचे किती प्रयत्न फसले. या ओळी रोज वाचाव्या. तुम्ही झोपेत असताना रात्री दोन वाजता ‘तुम्ही’ येऊन गेला असाल, तर तुमची किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे. मग ‘शो प्रोसेस /प्रिव्हिलेजेस’. आपल्याला कोणते अधिकार आहेत ते इथे कळतं. अनेक ठिकाणी सोयीसाठी सगळी कामं ‘सिस्टिम’ या सर्वाधिकारी खात्यातून करण्याची सवय असते. मुलीनं स्वतःसाठी साधं खातं मागून घ्यावं. किल्ल्यांचा सगळा जुडगा कमरेला लावून कुणी भाजी आणायला जात नाही.

मी कुठे? ‘शो डीफॉल्ट’ म्हटलं की आपण कोणत्या डिस्कवर, कोणत्या डिरेक्टरीत उभे आहोत ते दिसतं. पत्ता पोस्टाच्या पत्त्याच्या उलट, मोठ्याकडून लहानाकडे जातो : आधी डिस्क, मग चौकोनी कंसात डिरेक्टरी, मग फाईलचं नाव. दुसरीकडे जायला ‘सेट डीफॉल्ट’. इथे एक गंमत आहे. अस्तित्वातच नसलेल्या डिरेक्टरीत जायला सांगितलंत, तरी ही कमांड कुरकुर करत नाही. नंतर ‘डिरेक्टरी’ म्हणून फाईलींची यादी मागितली की मग सांगते, अशी जागाच नाही. म्हणून ‘सेट’ केल्यावर लगेच यादी मागून खात्री करावी.

पत्त्यांतली दुसरी खुबी ‘लॉजिकल नेम’. आपल्या जुन्या घरांत ‘नानांची खोली’ असायची. नाना जाऊन वीस वर्षं झाली, खोलीत आता नातवंडांचा अभ्यास चालतो, तरी नाव तेच. लॉजिकल नेमचं नेमकं तसंच आहे. प्रोग्रॅम नाव ओळखतो, त्यामागची डिस्क बदलली तरी त्याला कळतही नाही. म्हणूनच चाळीस वर्षांपूर्वीचे प्रोग्रॅम नव्या यंत्रावर नांदू शकतात. पण नवख्या माणसाला नुसत्या नावावरून वस्तू कुठे आहे ते समजत नाही. त्यासाठी ‘शो लॉजिकल’ विचारावं आणि उत्तर वहीत उतरवून ठेवावं.

माझ्याबरोबर कोण? ‘शो यूझर्स’नं आत आलेली माणसं दिसतात. ‘शो सिस्टिम’नं यंत्रात चाललेली सगळी कामं दिसतात, ज्यांच्यासमोर कुणी माणूस बसलेलं नाही तीसुद्धा. रात्रीसाठी रांगेत लावलेले हिशेब, छपाई, नेटवर्कची कामं. ‘यूझर’ एकही नाही म्हणून वाडा रिकामा आहे असं समजू नये. रांगा पाहायला ‘शो क्यू’ आहे.

शेजार आला की कुलपं आली. इथे प्रत्येक फाईलला चार प्रकारची माणसं माहीत असतात : व्यवस्था पाहणारा, मालक, मालकाच्या गटातले आणि बाकी जग. प्रत्येकाला चार परवानग्या वेगवेगळ्या देता येतात : वाचणे, लिहिणे, चालवणे, पुसणे. पुसण्याची परवानगी लिहिण्यापासून वेगळी ठेवली आहे, हे मला फार समंजस वाटतं. ‘डिरेक्टरी /प्रोटेक्शन’ म्हटलं की कोणत्या फाईलला कोणतं कुलूप ते दिसतं.

आता फाईली. प्रत्येक फाईलच्या नावापुढे अर्धविराम आणि आकडा असतो. फाईल सुधारून ठेवलीत की जुनी पुसली जात नाही, पुढच्या आकड्याची नवी प्रत तयार होते. पुसायला ‘डिलीट’ म्हणाल तर कोणती प्रत, ते आकड्यानं सांगावं लागतं, नाहीतर यंत्र नकार देतं. एवढी काळजी घेणारी सिस्टिम ‘पर्ज’ या कमांडला मात्र मोकळं सोडते. ती शेवटची प्रत ठेवून आधीच्या सगळ्या पुसते. डिस्क भरत आली की तिचा मोह होतो. पण सामायिक डिरेक्टरीत ती जुनी प्रत कुणी मुद्दाम ठेवलेली असू शकते. आधी विचारावं, आणि करायचंच तर ‘/कीप’ लावून मागच्या दोन-तीन प्रती राखाव्यात.

चुकांच्या निरोपांना घाबरू नये. ते टक्क्याच्या चिन्हानं सुरू होतात आणि त्यात तीन भाग असतात : कोण बोलतंय, किती गंभीर आहे, आणि काय झालं. मधलं एक अक्षर पाहावं. ‘एस’ म्हणजे काम झालं, ‘आय’ म्हणजे नुसती माहिती, ‘डब्ल्यू’ म्हणजे इशारा, ‘ई’ म्हणजे चूक आणि ‘एफ’ म्हणजे काम तिथेच थांबलं. त्यापुढे साध्या इंग्रजीत कारण लिहिलेलं असतं.

स्क्रीन गोठली तर? आधी ‘कंट्रोल-क्यू’ दाबून पाहावं. बऱ्याचदा चुकून ‘कंट्रोल-एस’ दाबलं गेलेलं असतं, त्यानं स्क्रीनवर अक्षरं येणं थांबतं आणि ‘क्यू’नं परत सुरू होतं. ‘कंट्रोल-टी’ची सोय चालू असेल तर एका ओळीत कळतं की आपलं काम जिवंत आहे का. ‘कंट्रोल-वाय’नं आपला प्रोग्रॅम मध्येच थांबतो, आणि लगेच ‘कंटिन्यू’ म्हटलं तर बहुधा जिथे होता तिथून पुढे चालू लागतो. थांबतो तो आपला प्रोग्रॅम, यंत्र नव्हे. पॉवरच्या बटणाकडे जायची गरज नाही.

आणि ज्याला काहीच आठवत नाही त्यानं ‘हेल्प’ टाइप करावं. आत विषयांची यादी आहे, विषयाच्या पोटात उपविषय, त्यात उदाहरणं. रिटर्न दाबत एकेक पायरी वर यायचं. यासाठी इंटरनेट लागत नाही, सगळं यंत्रातच लिहून ठेवलेलं आहे. सवयीची गोष्ट एवढीच की इथे आपण चित्र शोधत नाही, प्रश्न विचारतो.

मुलीला धीर यावा म्हणून एक सांगतो. व्हीएमएसच्या प्रमुख रचनाकारांपैकी डेव्ह कटलर १९८८ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे त्यांच्या नेतृत्वाखाली ‘विंडोज एनटी’ तयार झाली. ती १९९३ साली आली. आजची विंडोज तिचीच वंशज. म्हणजे ही सिस्टिम तिला अगदीच परकी नाही, फक्त आजोळच्या नात्यातली आहे. सराव मात्र कारखान्याच्या यंत्रावर करू नये. डेकमध्येच काम केलेल्या बॉब सुपनिक यांनी सुरू केलेला ‘सिमएच’ हा प्रोग्रॅम घरच्या कॉम्प्युटरवर व्हॅक्सची हुबेहूब नक्कल करतो. व्हीएमएसला परवाना लागतो, त्याची रीतसर सोय करून घ्यावी. मग घरच्या व्हॅक्सवर हवं ते पुसावं, मोडावं, पुन्हा उभं करावं.

इथपर्यंत जे सांगितलं ते पुस्तकांत आणि ‘हेल्प’मध्ये मिळतं. जे मिळत नाही ते रिटायर होणाऱ्या त्या गृहस्थांच्या डोक्यात आहे. त्यांच्या खात्यातली ‘लॉगिन’ची कमांड फाईल त्यांच्या परवानगीनं ‘टाइप’ कमांडनं उघडून वाचावी. अनेक वर्षांत केलेली कमांडची टोपणनावं तिथे असतील. रात्री आपोआप चालणाऱ्या कमांड फाईली एकेक करून त्यांच्या शेजारी बसून वाचाव्या. ‘हे काय करतं’ ते फाईल सांगेल. ‘हे असं का केलं’ ते त्यांनाच विचारावं. महिनाअखेरीला हिशेब दोनदा का चालतो? या एका डिरेक्टरीला कुणी हात का लावायचा नाही? प्रत्येक ‘का’मागे कधीतरी बिघडलेलं काहीतरी असतं. उत्तर मिळालं की त्याच फाईलमध्ये, उद्गारचिन्हामागे, तारखेसह लिहून ठेवावं. उद्गारचिन्हापुढचा मजकूर यंत्र वाचत नाही, तो माणसांसाठीच असतो.

आपल्या लोकांत एक संकोच असतो. नव्या नोकरीत प्रश्न विचारले तर ‘हिला येत नाही’ असं वाटेल, म्हणून आपण गप्प राहून एकट्यानं झगडतो. पत्र लिहिणाऱ्या ताईंना माझं एवढंच सांगणं आहे : लेकीला सहा महिने आहेत, आणि त्यातला प्रत्येक दिवस एका प्रश्नाच्या कामाचा आहे. तीस-पस्तीस वर्षं एकच यंत्र सांभाळलेल्या माणसाला ‘हे असं का’ म्हणून विचारणारं कुणी भेटलं, तर तो सहसा वैतागत नाही. खुर्ची सरकवून जागा करून देतो.

आणि रोज निघताना ‘लॉगआउट’ म्हणायला विसरू नये. नुसती खिडकी बंद करून उठू नये. वाड्यातून बाहेर पडताना आपल्या बिऱ्हाडाचं दार लावून घ्यायचं असतं.