तीन इंजिनं, तीन धुरांडी

मुलांनो, पावसाळ्यात पनवेलला वीज गेली, की मोठ्या हॉस्पिटलांच्या आणि उंच इमारतींच्या मागून ‘घर्रर्र’ आवाज येऊ लागतो. ही जनरेटरची डिझेल इंजिनं! गाडीचं इंजिन गाडीबरोबर पळतं. ही मात्र एकाच जागी पक्की बसवलेली असतात. आता लांबूनच जरा वर बघा. इंजिनं तीन असली, तर धुराचे पाइपही बहुधा तीनच दिसतील. असं का बरं? तिन्ही जोडून एकच जाड पाइप वर नेला, तर खर्च नाही का वाचणार?

वाचेल, पण तिन्ही इंजिनं नेहमी एकदम चालत नाहीत. विजेची गरज कमी असेल, तेव्हा एक चालतं, दोन गप्प असतात. मग चालू इंजिनाचा धूर जोडलेल्या पाइपातून बंद इंजिनांतही शिरतो. धुरात काजळी असते, पाण्याची वाफही असते. थंड लोखंडाला लागून वाफेचं पाणी होतं आणि आतून गंज चढतो. उद्या ऐन ऑपरेशनच्या वेळी तेच इंजिन सुरू झालं नाही तर? म्हणून ज्याचं त्याचं धुरांडं वेगळं!

पाइप अरुंद असूनही चालत नाही. सरबताच्या बारीक नळीतून जोरात श्वास सोडून पाहा. गाल फुगले ना? इंजिनाचंही तसंच होतं. त्याची ताकद धूर ढकलण्यातच जाते आणि डिझेल जास्त जळतं.

भरपूर काम करणाऱ्या इंजिनाचा धूर ४०० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, हे तुम्ही शाळेत शिकता. १० मीटरचा पोलादी पाइप इतका तापला, तर चार-पाच सेंटिमीटर वाढतो! म्हणून मध्ये पेटीच्या भात्यासारखा चुण्यांचा धातूचा तुकडा बसवतात. तो दबतो, पाइप वाचतो.

आता थोडं गणित. धुरांडं इमारतीच्या वर किती हवं, याचं सूत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं दिलं आहे. जनरेटरच्या केव्हीएचं वर्गमूळ काढा, ०.२ ने गुणा. १०० केव्हीएला १० गुणिले ०.२, म्हणजे २ मीटर. मग २२५ केव्हीएला किती? उत्तर पुढच्या अंकात ताडून पाहा.

आणि पालकहो, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पण तो जीव घेतो. दुकानातला छोटा जनरेटरसुद्धा बंद खोलीत किंवा जिन्याखाली कधीही चालवू नका.