गुऱ्हाळातील बुडबुड्याचा हिशोब

उकळत्या द्रवातील बाष्पाचा बुडबुडा हा अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय होय. अणुभट्ट्या, बाष्पित्रे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे शीतन यांच्या निमित्ताने त्याचे संगणकीय प्रतिरूपण कित्येक वर्षांपासून होत आहे. त्यात एका कीटकशास्त्रज्ञाने लक्ष का घालावे, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर जबलपूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास, नरसिंहपूर जिल्ह्यातील करेलीच्या गुऱ्हाळांत आहे. तेथील काहिलीत हंगामभर जे घडते ते उकळणेच आहे. परंतु प्रतिरूपणकारांची दृष्टी तिकडे क्वचितच वळते.

वीस ब्रिक्सच्या १०० किलो रसातून, मळीचा भाग सोडला तर, सुमारे २१ किलो गूळ मिळतो. उरलेले जवळजवळ ७९ किलो पाणी वाफ करून घालवावे लागते. एवढ्या कामासाठी चुलवाणात किती चिपाड जळते? २०१० साली सरदेशपांडे, शेंडगे व पिल्लई यांनी चार काहिलींच्या चुलवाणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सैद्धांतिकदृष्ट्या केवळ २९ टक्केच गूळनिर्मितीस लागते, असे त्यांना आढळले. धुरातील ऑक्सिजनचे प्रमाण पाहून चिपाड टाकल्यास किलोमागे लागणारे चिपाड २.३९ किलोवरून १.७३ किलोवर आले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इंधनाची ही बचत बुडबुड्यांच्या अभ्यासातून होणार नाही. उकळता रस तळाकडून उष्णता सहज घेतो. अडथळा असतो तो तळाखालच्या तप्त वायूकडून धातूकडे येणाऱ्या उष्णतेत. १९३४ साली जपानी शास्त्रज्ञ शिरो नुकियामा यांनी तारेवरील प्रयोगांतून उकळण्याचा वक्र मांडला. उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की बुडबुडे एकत्र येऊन वाफेचा पडदा धरतात. पाण्यासाठी ही मर्यादा दर चौरस मीटरला सुमारे १,००० किलोवॉट आहे. चिपाडाच्या आचेवर काहील तिच्या जवळपासही जात नाही. म्हणून अणुभट्टीसाठी रचलेले प्रतिरूप जसेच्या तसे गुऱ्हाळात आणून उपयोग नाही.

खरी गरज आहे ती शेवटच्या टप्प्यात. पाक ११० अंशांपुढे जाऊन ११८ अंशांकडे सरकतो तेव्हा तो दाट होतो, बुडबुडे सुटण्यास विलंब लागतो, तळाशी नवा द्रव पोचत नाही आणि तळ तापत राहतो. साखर करपते, गूळ काळवंडतो. बाजारास मात्र पिवळा गूळ हवा असतो. मग कोणीतरी हायड्रॉस पावडरीकडे हात नेतो. माझ्या मते संगणकाने सोडवावा असा प्रश्न हाच आहे: दाट पाकात बुडबुडा केव्हा सुटतो, तळाचा आकार आणि ढवळणे बदलल्यास तळाचे तापमान किती उतरते? थंड पाण्यात थेंब सोडून गोळी पाहणाऱ्या गुळव्याला याचे उत्तर अनुभवाने बरेचसे ठाऊक असते. त्याला विचारूनच आरंभ करावा.

मात्र अडचण रसाचीच आहे. प्रतिरूपणात बहुधा शुद्ध पाणी घेतात. पाण्यातील बुडबुडा दोन-तीन मिलिमीटरचा आणि त्याच्या बुडाशी वाफ होणारा द्रवाचा थर अवघ्या काही मायक्रोमीटरचा, त्यामुळे तेवढ्यानेच गणन जड होते. काहिलीत याउपर मेण, प्रथिने, डिंक, भेंडीचा चिकट रस, चुना आणि फेस बसविण्यासाठी टाकलेले तेल असते. यांपैकी प्रत्येक घटक पृष्ठताण किंवा श्यानता बदलतो.

आणि येथेच कीटक येतो. पायरिला, म्हणजे शेतकऱ्यांची पाकोळी, पानांतील रस शोषते. तिच्या मधासारख्या स्रावावर काळी बुरशी वाढते, उसातील साखर घटते, आणि अशा उसाचा गूळ नीट घट्ट होत नाही, हे पाठ्यपुस्तकातही आहे. खोडकिडीने पोखरलेल्या कांड्यांच्या रसाचीही प्रत घसरते. गुळव्या त्याचा दोष आचेला देतो, शेतकरी गुळव्याला देतो. एपिरिकॅनिया मेलॅनोल्युका या परजीवीने पाकोळीवर मिळविलेले नियंत्रण आम्ही हेक्टरी उत्पादनात मोजतो. ढेपेच्या रंगात आणि कठीणपणात ते कधी मोजले जाते का?

आमच्या शहरात १९६४ पासूनचे कृषी विश्वविद्यालय आहे आणि गणनाची साधने असलेली अभियांत्रिकी संस्थाही आहे. दोघांनी एका हंगामासाठी करेलीतील एकच काहील निवडावी. तिच्या तळाशी चार-पाच जागी तापमापके बसवावीत, पाकाची श्यानता दर दहा अंशांनी नोंदवावी. निरोगी आणि पाकोळीग्रस्त उसाचा रस वेगळा उकळावा. नोंदी आधी, प्रतिरूप नंतर. खर्च फार नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कोणीतरी चुलवाणापाशी वही घेऊन बसावयास मात्र हवे.