नांदगाव पेठचे टेक्स्टाइल पार्क: इंटरनेटच्या लाइन दोन घ्या, पण चरही दोन हवेत!

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. आता याच पट्ट्यात नवे उद्योग येऊ घातले आहेत आणि त्यांना रस्त्याइतकीच रस्त्याकडेच्या जमिनीखालची केबलही लागणार आहे.

विषय आत्ताच का?
अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ येथे एक हजार एकरांवर पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क उभे राहत आहे. देशातील अशा सात पार्कपैकी हे एक. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातील कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याची पायाभरणी केली. उभारणीची जबाबदारी एमआयडीसीकडे आहे. रस्ते, पाणी, वीज यांचे आराखडे आधी होतात. नेटवर्क मात्र सहसा ‘नंतर बघू’ या यादीत जाते. तिथेच चूक होते.

कापडाच्या कारखान्याला नेट इतके कशाला?
ऑर्डर, डिझाइन, मशीनवरची देखरेख, हजेरी, कॅमेरे, सगळे नेटवर्कवर चालते. परराज्यात जाणाऱ्या ५० हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागते. नेट बंद, तर भरलेला ट्रक गेटवरच उभा.

दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या की झाले ना?
नाही. दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच चरातून येत असतील, तर जेसीबीचा एकच घाव दोन्ही तोडतो. बिल दोघांचे, भरवसा एकाचाच. मोबाइल नेटचा पर्यायही पक्का नाही, कारण टॉवरही अनेकदा त्याच फायबरवर असतो.

म्हणून वाट वेगळी हवी. एक लाइन महामार्गाच्या कडेने, तर दुसरी बडनेऱ्याकडून, रेल्वेमार्गालगतच्या रेलटेलच्या फायबरवरून आणता येऊ शकते. कॅम्पसमध्येही दोन्ही केबल दोन वेगळ्या बाजूंनी शिराव्यात.

हिशेब काय सांगतो?
करारात ‘९९.५ टक्के सेवा’ वाचायला छान वाटते. प्रत्यक्षात महिन्याला साडेतीन तासांहून अधिक बंद राहण्याची ती मुभा आहे. ९९.९ टक्के असेल, तर सुमारे ४३ मिनिटे. सही करण्यापूर्वी हा गुणाकार करावा.

वऱ्हाडात वेगळे काय?
काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पुरलेला पाइप या ओढाताणीत टिकत नाही. खोली आणि भराव दोन्ही नीट हवेत. दुसरे म्हणजे ऊन. अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो, तर ऑफिसमधले बहुतेक स्विच ४० ते ४५ अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेली नेटवर्कची पेटी मे महिन्यात दगा देणारच. शिवाय तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच चालते. त्यामुळे इमारतींमध्ये फायबर आणि प्रत्येक मजल्यावर थंड, बंद खोली नकाशातच दाखवायला हवी.

मग करायचे काय?
एमआयडीसीने रस्त्याचे डांबर पडण्याआधी दोन्ही कडांना रिकामे पाइप आणि ठराविक अंतरावर चेंबर टाकावेत. कोणतीही कंपनी भाडे देऊन त्यातून केबल ओढेल; पुन्हा खोदायची गरज नाही. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या राइट ऑफ वे नियमांनी केबलसाठीच्या परवानगीची चौकट घालून दिली आहे. खोदण्यापूर्वी केबलमालकाला कळवणारे ‘कॉल बिफोर यू डिग’ अॅप मार्च २०२३ पासून आहे. पार्कमधल्या प्रत्येक कंत्राटदारावर ते बंधनकारक करावे.

खर्चाचे काय?
दोन चरांना पैसा जास्त लागतो, हा आक्षेप खरा आहे. एका लहान कारखान्याला तो झेपणारही नाही. म्हणूनच हे काम भूखंडधारकावर न सोडता पार्कच्या मूळ आराखड्यात हवे. रस्ता उघडा असताना पाइप टाकणे स्वस्त. तयार रस्ता फोडून टाकणे महाग.

अमरावती-अकोल्यातून इंजिनिअर झालेली पोरे पुण्याची गाडी पकडतात. त्यांना इथेच काम मिळावे असे वाटत असेल, तर कंपन्या विचारतील त्या पहिल्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर तयार ठेवावे लागेल: केबल तुटली, तर दुसरी कुठून येते?